नेमस्त होण्याची योग्यता

॥ श्री ॥
मु. पो. म्हसा, ता. मुरबाड, जि. ठाणे
मार्गशीर्ष वद्य षष्ठी

चि. बाळ यास काकांचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पावले. पंचायत समितीच्या निवडणुकीस उभे राहण्याचा तुझा मानस आहे. परंतु दोन्ही पक्षांच्या मंडळींनी ‘हा ना तळ्यात ना मळ्यात’ असे म्हणून तुला हिणवले आणि त्यामुळे तू खिन्न झालास, हे वाचून चार गोष्टी विस्ताराने लिहाव्याशा वाटल्या. मधला मार्ग पत्करणाऱ्याची ही अवहेलना नवी नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांना ती आयुष्यभर सोसावी लागली. जहाल त्यांना दुबळे म्हणत आणि सरकारी अंमलदार त्यांच्याकडे संशयाने पाहत. तरीही त्यांचा शब्द कलकत्त्याच्या कायदेमंडळात तोलामोलाचा ठरला, तो कशाच्या बळावर, याचा विचार तू करावास अशी माझी इच्छा आहे.

गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी 1866 साली जन्मलेला हा मुलगा अठराव्या वर्षी पदवीधर झाला आणि सरकारी नोकरीची वाट सोडून पुण्यास शिक्षक झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असतानाच न्यायमूर्ती रानड्यांच्या देखरेखीखाली सार्वजनिक सभेचे अर्ज, कैफियती आणि त्रैमासिकातले लेख तयार करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. सरकारी अहवालातला आकडा मुळाबरहुकूम ताडून पाहिल्याखेरीज लेखणी उचलायची नाही, हा शिरस्ता त्यांच्या अंगी मुरला तो तेथे. म्हणूनच 1902 च्या मार्च महिन्यात अर्थसंकल्पावर ते प्रथम बोलावयास उठले तेव्हा, खजिन्यात दरसाल शिल्लक पडते हे सुबत्तेचे लक्षण नसून दुष्काळाने गांजलेल्या रयतेवर वाजवीपेक्षा अधिक कर बसविल्याचे लक्षण आहे, हे त्यांनी सरकारच्याच दप्तरातून सिद्ध करून दाखविले. मिठावर त्या वेळी मणास अडीच रुपये कर होता. गरिबाच्या भाकरीवरचा हा कर कमी करा, असा धोशा त्यांनी वर्षानुवर्षे लावला. 1903 साली तो दोन रुपये, 1905 साली दीड आणि 1907 साली एक रुपया झाला. याचे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. परंतु ज्यांच्या घरी कधी वर्तमानपत्र गेले नाही अशा लाखो चुलींपर्यंत जी सवलत पोहोचली, तिच्यामागे या अभ्यासाचा वाटा निःसंशय होता.

नेमस्त म्हणजे प्रत्येक वेळी मान तुकविणारा, असे तुला कोणी सांगेल तर ते मानू नकोस. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा अगर गहाण टाकण्याचा हक्क कुळाला राहू नये, अशी तरतूद करणारे विधेयक 1901 साली मुंबईच्या कायदेमंडळात आले, तेव्हा फिरोजशहा मेहतांच्या पाठोपाठ सभागृह सोडून जाणाऱ्यांत गोखलेही होते. सातबाऱ्यावर ‘नवीन शर्त’ असल्यामुळे परवानगीसाठी ज्याला कचेरीत खेटे घालावे लागतात, त्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा वाद समजावून सांगावा लागणार नाही. उलटपक्षी, 1897 साली विलायतेत असताना प्लेगच्या बंदोबस्तावरील शिपायांविरुद्ध केलेल्या आरोपाचा पुरावा देता येईना, तेव्हा याच गृहस्थांनी जाहीर माफी मागितली आणि त्यापायी स्वकीयांचा उपहास पत्करला. माझ्या मते या दोन कृतींत विरोध नाही. जेवढे सिद्ध करता येते तेवढेच बोलायचे, आणि तेवढ्यावरून मात्र हटायचे नाही, ही एकच निष्ठा दोन्ही ठिकाणी दिसते.

आता परदेशचे एक उदाहरण. फ्रान्सचे फ्रांस्वा बायरू हेही शेतकऱ्याचे पुत्र आणि पेशाने शिक्षक. डाव्या-उजव्यांच्या मध्ये उभे राहून त्यांनी तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविली. 2007 साली तर शेकडा अठराहून अधिक मते मिळवून ते तिसरे आले. डिसेंबर 2024 मध्ये पंतप्रधानपद लाभले. पण देशाच्या कर्जाकडे बोट दाखवून काटकसरीसाठी त्यांनी विश्वासमत मागितले तेव्हा 194 विरुद्ध 364 मतांनी त्यांचा पराभव झाला आणि नऊ महिन्यांतच ते पायउतार झाले. मधल्या माणसाच्या पाठीशी स्वतःची फौज नसते, ही गोष्ट तू आधीच जाणून असावीस. गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयकही 1912 साली 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. परंतु त्यासाठी त्यांनी जमविलेली सामग्री वाया गेली नाही. सहाच वर्षांनी, 1918 साली, मुंबई इलाख्यात नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा विठ्ठलभाई पटेलांनी संमत करून घेतला. तो पाहावयास गोखले नव्हते. 1915 च्या फेब्रुवारीत, वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी न होता, ते गेले होते.

तेव्हा बाळ, दोन्ही डगरींवर हात ठेवण्यासाठी तू मध्ये उभा राहणार असशील तर उभा राहूच नकोस. पाणीपुरवठ्याचा निधी कोठे अडतो, आश्रमशाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, रस्त्याचे काम मंजूर होऊनही खडी का पडत नाही, हे ज्याला कागदानिशी सांगता येते, त्याचे म्हणणे दोन्ही पक्षांना आज ना उद्या ऐकावे लागते. खांबलिंगेश्वराच्या यात्रेस पौष पौर्णिमेला तू येशीलच. येताना पंचायत समितीच्या गेल्या तीन वर्षांच्या अंदाजपत्रकांच्या प्रती मागवून घेऊन ये. आपण दोघे बसून त्या वाचू, आणि उमेदवारीचा अर्ज भरावयाचा की नाही ते त्यानंतर ठरवू.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका