हिवाळ्यात वासरांची निगा

देवणी तालुका लातूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत आहे. प्रसिद्ध देवणी गोवंशाला येथलेच नाव मिळाले. शेवरा, वानेरा व बालंक्या हे त्याचे तीन प्रकार. बैल कामाला खंबीर व गाय दुधाला बरी. जात काटक असल्याने "आपल्या जनावराला थंडी कसली?" असे आपण सहज म्हणतो. धडधाकट बैलाबाबत ते बरेचसे खरे आहे. नुकत्याच जन्मलेल्या वासराबाबत मात्र नाही.

एका पौषात आमच्या गोठ्यात रात्री गाय व्याली. जार पडल्याशिवाय चीक पाजू नये, या जुन्या समजुतीने आम्ही थांबलो. वासरू ओलेच राहिले, वाराही सुटला होता. पहाटे ते थंडगार पडले, वाचले नाही. ज्या घरी एकच गाय, तेथे ही हानी वर्षानुवर्षे भरून येत नाही. म्हणून तिचे कारण समजून घेऊ.

गाईच्या शरीराचे तापमान सुमारे १०१.५ अंश फॅरनहाइट असते. मोठ्या जनावराच्या कोठीपोटात वैरण आंबते व त्यातून ऊब मिळते. वासराचे कोठीपोट तयार झालेले नसते. त्यातच ओले अंग वाळताना उष्णता ओढून घेते व वाऱ्याने ती अधिक जाते. चीक हेच त्याचे पहिले बळ. रोगप्रतिकारक द्रव्येही त्याला चिकातूनच मिळतात. गर्भात ती मिळत नाहीत. ती शोषण्याची आतड्याची शक्ती तासागणिक घटते व सुमारे २४ तासांत संपते.

यावरून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) वासराचे नाक-तोंड पुसावे. गाईला चाटू द्यावे व कोरड्या पोत्याने अंग चोळावे.

२) जार पडण्याची वाट न पाहता १-२ तासांत चीक पाजावा. पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे २० किलोच्या वासराला २ लिटर, विभागून द्यावा.

३) नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे.

४) वाऱ्याच्या बाजूला तुराट्यांचा कूड किंवा पोत्यांचा पडदा करावा. वर फट ठेवावी. मुताचा उग्र वास कोंडल्यास फुप्फुसाचे विकार होतात. गोठ्यात शेकोटी करू नये.

५) खाली भुसकट अंथरावे व ओले झालेले रोज काढावे.

६) मोठ्या जनावरांना संध्याकाळी कडबा वाढवून द्यावा, म्हणजे रात्रभर ऊब राहते. दहिवराने भिजलेला लसूणघास उपाशीपोटी देऊ नये, पोट फुगते. पाणी विहिरीचे ताजे पाजावे. ते कोमट असते.

करडांनाही हीच काळजी लागते. वासरू पीत नसेल, कान थंड लागत असतील किंवा धाप लागली असेल, तर पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवावे.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. रात्री वासराच्या जागी पाच मिनिटे बसावे. पाठीला वारा लागला किंवा कपडे ओलसर झाले, तर त्याच रात्री कूड व अंथरूण नीट करावे.