कल्पित पात्राचे पूर्वदुःख
(इयत्ता सहावी व सातवीच्या कथालेखनासाठी एक पाठ)

१. पाठाची आवश्यकता

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना स्वतःच्या कल्पनेने कथा लिहावयास सांगितले म्हणजे वह्यांतून एक गोष्ट हटकून आढळते. कथेचा नायक बहुधा अनाथ असतो. पहिल्या परिच्छेदात त्याचे आईवडील अपघातात वारतात, दुसऱ्यात घराला आग लागते, तिसऱ्यात चुलते त्याला घराबाहेर काढतात आणि चौथ्यात तो परीक्षेत पहिला येऊन मोठा अधिकारी होतो. अशा कथेखाली ‘ठीक’ असा शेरा मारला जातो, किंवा ‘अतिशयोक्ती टाळावी’ एवढे लिहून पुढील वही उघडली जाते. यांपैकी कोणत्याही शेऱ्याने विद्यार्थ्याच्या पदरात काही पडत नाही.

वस्तुतः मुलांचा हा कल मुळात चुकीचा नाही. ज्याच्यावर दुःख ओढवले आहे त्याच्याविषयी ऐकणाऱ्याला जिव्हाळा वाटतो, हे त्यांनी कीर्तनातून, आजीच्या गोष्टींतून, चित्रपटांतून व मालिकांतून आपोआप ओळखलेले असते. त्यांना ठाऊक नसते ते हे की, नुसते दुःख सांगितल्याने पात्र उभे राहत नाही. त्या दुःखाने पात्राच्या आजच्या वागण्याला कोणते वळण लावले, ते दाखविल्यानेच ते उभे राहते. एवढी एकच गोष्ट या पाठातून मुलांच्या मनावर ठसवावयाची आहे.

२. पूर्वज्ञान : कर्णाची कथा

पाठाचा आरंभ मुलांना ठाऊक असलेल्या कथेपासून करावा. महाभारतातील कर्णाची कथा यासाठी फार उपयोगी पडते. कुंतीने जन्मतःच त्याला पेटीत घालून नदीत सोडले. अधिरथ सूत व त्याची पत्नी राधा यांनी त्याला वाढविले. हे झाले पूर्ववृत्त. आता मुलांना विचारावे, “हे दुःख पुढे कोठे कोठे दिसते?”

राजपुत्रांच्या शस्त्रकौशल्याच्या प्रसंगी कृपाचार्य कर्णाला त्याचे कुल विचारतात, तेव्हा त्याची मान खाली जाते. त्याच क्षणी दुर्योधन त्याला अंगदेशाचे राज्य देतो आणि हे ऋण कर्ण जन्मभर विसरत नाही. पुढे युद्धाच्या तोंडावर प्रथम श्रीकृष्ण व नंतर कुंती त्याला जन्मरहस्य सांगतात. तरीही तो दुर्योधनाचा पक्ष सोडीत नाही आणि ज्या राधेने वाढविले तिला अंतर देत नाही. नदीत वाहत आलेले ते मूल अशा रीतीने प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयात पुन्हा पुन्हा डोकावते. म्हणूनच कर्णाचे दुःख श्रोत्याला खरे वाटते.

याच ठिकाणी आणखी दोन गोष्टी मुलांच्या लक्षात आणून द्याव्यात. पहिली अशी की, कर्णाला अधिरथ व राधा यांची माया लाभली होती. कथाकाराने त्याच्या बालपणात केवळ अंधार भरलेला नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. द्यूतसभेत कर्णाने द्रौपदीचा अपमान केला. त्याला लहानपणापासून अवहेलना सोसावी लागली हे त्या कृत्यामागचे एक कारण म्हणता येईल. परंतु कारण म्हणजे समर्थन नव्हे. पात्राच्या हातून घडलेला अपराध त्याच्या पूर्वदुःखाने धुऊन निघत नाही. हा विवेक कथालेखनातून मुलांच्या अंगी बाणला, तर तो वर्गाबाहेरही उपयोगी पडेल.

३. पुसून पाहण्याची कसोटी

यानंतर शिक्षकांनी आरंभी वर्णिलेल्या प्रकारची एक लहानशी कथा स्वतः रचून फळ्यावर लिहावी. कोणाही विद्यार्थ्याच्या वहीतील कथा यासाठी घेऊ नये. कथा वाचून झाल्यावर नायकाच्या दुःखाची सर्व वाक्ये डस्टरने पुसून टाकावीत आणि उरलेली कथा एका मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. ‘रामू खूप अभ्यास करी. तो पहिला आला. तो अधिकारी झाला.’ कथेचे काहीच बिघडले नाही, हे मुले स्वतःच सांगतील. जे पुसल्याने काही बिघडत नाही ते कथेला वरून चिकटविलेले असते. जे पुसताच पुढचे वाक्य अर्थहीन होते ते कथेच्या अंगचे असते. ही कसोटी व्याख्येपेक्षा लवकर समजते आणि दीर्घकाळ स्मरणात राहते.

४. विषयविवेचन : वर्तमानाकडून भूतकाळाकडे

नवे पात्र घडविताना मुले प्रथम संकट योजतात व मग पात्राला त्यात ढकलतात. शिक्षकांनी हा क्रम उलटा करावा. पात्राची आजची एखादी सवय, भीती किंवा हट्ट प्रथम ठरवावा आणि मग त्याच्या कारणाचा शोध घ्यावा. पुढील पाच प्रश्न फळ्यावर क्रमाने लिहावेत.

(१) हे पात्र आज असे काय करते की जे इतर करीत नाहीत?
(२) तसे करण्यास कारण झालेला एकच प्रसंग कोणता?
(३) त्या प्रसंगापूर्वी त्याच्यापाशी काय होते?
(४) ही हकीकत ते कोणाला सांगते व कोणापासून लपविते?
(५) कथेत आज असे काय घडते की त्याला त्या जुन्या दुःखाला तोंड द्यावे लागते?

उदाहरणादाखल संपूर्ण वर्गाने मिळून एक पात्र घडवावे. समजा, गोदाआजी नावाची एक म्हातारी आहे. ती घरात कधीच झोपत नाही. पावसाळ्यातही ओसरीच्या कडेला अंथरूण टाकते. हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. याचे कारण काय असावे? मुले निरनिराळी कारणे सुचवतील. सर्व ऐकून घ्यावीत व नंतर खऱ्या इतिहासाचा आधार द्यावा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. किल्लारी व आसपासची गावे जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक झोपी गेले होते. दगडमातीच्या जाड भिंती व वर मातीचे जड माळवद अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली.

गोदाआजी त्या वेळी तीस वर्षांची होती, असे मानू. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तिची धाकटी बहीण येईल. विसर्जनाहून आल्यावर दोघी उशिरापर्यंत बोलत बसल्या होत्या. बहीण ‘बाहेर झोपू या’ म्हणत होती आणि गोदाने ‘गारठा पडला आहे, आत चल’ असे म्हटले. हा तपशील कल्पित आहे. परंतु दहा हजारांचा आकडा ज्या मुलाच्या मनाला स्पर्श करीत नाही, त्याला हे एक वाक्य स्पर्श करील. मोठी आपत्ती ही पार्श्वभूमी असते. पात्राचे दुःख नेहमी एखाद्या लहान, नेमक्या गोष्टीत साठलेले असते, हे येथे स्पष्ट करावे.

चौथ्या प्रश्नास उत्तर असे की, आजी कोणालाच हे सांगत नाही. विचारल्यास ‘आत उकडते’ म्हणते. आता पाचवा प्रश्न. एके रात्री मुसळधार पाऊस पडत आहे आणि तापाने फणफणलेली नात म्हणते, “आजी, माझ्यापाशी आत नीज.” आजी काय करील? येथे शिक्षकांनी थांबावे. कथेचा शेवट सांगू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने तो स्वतःच्या वहीत लिहावा. आजी आत गेली काय किंवा उंबऱ्यावर बसून राहिली काय, दोन्ही शेवट योग्य ठरतील. मात्र त्या निर्णयामागे ती १९९३ सालची पहाट असली पाहिजे.

५. लहान दुःखाचे मोल

दुःख म्हणजे मृत्यूच, अशी मुलांची समजूत असते. ती दूर करण्यासाठी दुसरे उदाहरण त्यांच्या परिसरातील घ्यावे. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा कुटुंबातील एक मुलगा आजोबांपाशी मागे राहिला आहे, अशी कल्पना करावी. तो कोणालाही निरोप द्यावयास गावाच्या वेशीपर्यंत जात नाही. मित्र सहलीला निघाले तरी घरातच बसतो. येथे कोणी वारलेले नाही, आग लागलेली नाही. तरीही वाचकाला त्या मुलाचे मन कळते. एकच दुःख नीट पाहून लिहिले, तर पाच आपत्तींची आवश्यकता उरत नाही.

ठरावीक साच्यांपासूनही मुलांना परावृत्त करावे. दुष्ट सावत्र आई, व्यसनी बाप, अपंगत्वामुळे दुष्ट झालेला माणूस असे साचे कथेला निर्जीव करतात. शिवाय ज्या मुलाच्या घरी सावत्र आई मायेने भाकरी वाढते, त्याला त्याच वर्गात बसून ती कथा ऐकावी लागते, याचे भान शिक्षकांनी ठेवावे.

६. विशेष दक्षता

या पाठातील सर्वांत नाजूक बाब अशी की, मुलाने कल्पिलेले दुःख पुष्कळदा कल्पित नसते.

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याचे उदाहरण शिक्षकांनी लक्षात ठेवावे. १८२४ साली त्याचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटविण्याचे काम करावे लागले. मोठेपणी त्याने ही गोष्ट जगापासून लपविली. मात्र १८४९-५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरीत त्याने आपल्या नायकाला, एका लहान मुलाला, बाटल्या धुण्याच्या कामाला लावले. १८७० साली डिकन्सचा मृत्यू झाल्यानंतर त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रामुळे ती हकीकत लोकांना कळली. जे स्वतःच्या नावाने बोलवत नव्हते, ते कल्पित मुलाच्या नावाने लिहिता आले. कल्पित पात्र हा लिहिणाऱ्यासाठी एक आडोसा असतो.

हा आडोसा शिक्षकांनी मोडू नये. यास्तव पुढील पथ्ये पाळावीत :

(अ) ‘तुमच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंग’ असा विषय सक्तीने देऊ नये.
(आ) ‘हे तुझ्याच घरचे आहे काय?’ असे वर्गासमक्ष कधीही विचारू नये.
(इ) विद्यार्थ्याच्या संमतीवाचून त्याची कथा वर्गात वाचून दाखवू नये.
(ई) प्रथम आशयाविषयी दोन शब्द लिहावेत. शुद्धलेखनाच्या चुका नंतर दाखवाव्यात.

परंतु आडोशाचा मान राखणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. लिखाणातून मारहाण, उपासमार, बालविवाहाची तयारी किंवा जीव देण्याचा विचार अशा चालू संकटाची शंका आली, तर शिक्षकांनी त्या मुलाशी एकांतात, शांतपणे बोलावे. त्याचे बोलणे पूर्ण ऐकावे. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. मुख्याध्यापकांना विश्वासात घ्यावे. बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यान्वये बंधनकारक आहे.

७. उपयोजन व तपासणी

स्वाध्याय म्हणून प्रत्येकाने एक नवे पात्र योजून पाच प्रश्नांची उत्तरे प्रथम कच्च्या वहीत लिहावीत व नंतर एक ते दीड पानाची कथा लिहावी. पूर्वदुःखासाठी कथेत चार वाक्यांपेक्षा अधिक जागा देऊ नये, असे बंधन घालावे. बंधन असले म्हणजे मुले वाक्य निवडावयास शिकतात.

तपासताना दुःख किती मोठे आहे यास गुण देऊ नयेत. सवय व तिचे कारण यांचा मेळ बसतो काय, तपशील नेमका आहे काय, आणि शेवटचा निर्णय पात्राच्या स्वभावातून निघाला आहे काय, या तीन गोष्टी पाहाव्यात. जो विद्यार्थी आपल्या पात्राच्या वागण्यामागचे कारण शोधावयास शिकला, तो शेजारच्या बाकावर गप्प बसणाऱ्या सोबत्याकडेही अधिक समजुतीने पाहील. कथालेखनाच्या तासाचे याहून मोठे फलित शोधण्याचे कारण नाही.