किडा दिसला म्हणून मासा टाकू नकोस

अगं मने, पैठणहून आणलेल्या वामीच्या पोटात पांढरी फीत वळवळताना दिसली म्हणून तू अख्खी वाम फेकलीस! वर म्हणतेस, आता घरात फक्त कोळंबी. जरा ऐक माझं.

ती फीत म्हणजे पट्टकृमी. आपल्याकडच्या प्राणिशास्त्राच्या लोकांनी यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. १९८० च्या आसपास वामीतल्या ‘सेंगा’ कृमीच्या नव्या जाती नोंदवल्या, त्यांची नावंच औरंगाबादेन्सिस आणि पैठणेन्सिस! हा कृमी माशाच्या आतड्यात वाढतो, माणसाच्या पोटात त्याचा निभाव लागत नाही. आतडं काढलं की तोही गेला.

भ्यायचं तर न दिसणाऱ्या अळ्यांना भी, त्या मांसात दडतात. थायलंडमध्ये गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाऊन यकृतात कृमी होतात, पुढे पित्तनलिकेचा कर्करोगसुद्धा. लिंबू, व्हिनेगर, मीठ-हळद लावून या अळ्या मरत नाहीत, आच लागतेच. आपल्या रश्शात मासा रटरटून शिजतो, तिथे चिंता नाही. मला काळजी वाटते ती कोळशावर भाजलेल्या जाड तुकड्यांची. वरून खरपूस, आत काट्यापाशी कच्चे. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सहज सुटलं तरच पानात वाढ. मासा तुझ्यासमोर साफ करून घे, आतडी मांजरापुढे टाकू देऊ नकोस, आणि त्याच पाटावर न धुता कोशिंबीर चिरू नकोस.

कोळंबी मात्र खुशाल आण. शंभर ग्रॅम कच्च्या कोळंबीत साधारण वीस ग्रॅम प्रथिनं, चरबी जेमतेम एक ग्रॅम, शिवाय बी-१२, सेलेनियम. कोलेस्टेरॉल दीडशे मिलिग्रॅमच्या पुढे असतं, हे खरं. पण संपृक्त चरबी अगदी नगण्य, म्हणून भावजींनी आठवड्यातून एकदा खाल्ली तर घाबरू नकोस. डॉक्टरांनी त्यांना काही वेगळं सांगितलं असेल तर तेच ऐक. तेलात बुडवून तळलीस तर मात्र हा हिशेब मोडला. सोडे-सुकटात मीठ भरपूर, बीपीवाल्या सासूबाईंना ते बेतानेच दे.

आणि पिल्लूला कोळंबी पहिल्यांदा देशील तेव्हा अगदी एखादा तुकडा, तोही दिवसा. कोळंबीची अ‍ॅलर्जी शिजवूनही जात नाही. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर मला फोन करत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ.