रेखाबी लोकांपुढे ठेवलेले प्याले
शास्त्रपाठ : यिर्मया, अध्याय 35

नाताळच्या आठवड्यात आम्ही येळ्ळूरला एका शेतकरी मित्राकडे गेलो होतो. सुगी आटोपली होती आणि ओसरीवर बासमतीची पोती रचलेली होती. मित्राचे वडील गळ्यात तुळशीची माळ घालून भिंतीला टेकून बसले होते. बोलता बोलता मित्राचा धाकटा भाऊ हसून म्हणाला, "सण तुमचा, आणि हात हालवत आलासा? बाटली कुठाय?" आमच्या घरी कोणी घेत नाही, असे आम्ही सांगितले. त्याला ते पटेना. "मग तुम्ही किरिस्तांव कसले वो?"

त्याने आमचा अपमान केला नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. त्याच गावात माळकऱ्यापुढे कोणी पेला करीत नाही, कारण माळ दिसली की प्रश्न मिटतो. आम्ही मात्र ख्रिस्ती आहोत हे कळले की प्रश्न सुरू होतो.

ही समजूत आली कोठून? बेळगावच्या छावणीतला गोरा शिपाई दारू पीत असे आणि रविवारी देवळातही जात असे. पाहणाऱ्याने दोहोंची गाठ बांधली. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि गोवा म्हटले की फेणी. बाकीचे काम हिंदी चित्रपटांनी केले. 'बॉबी' (1973) मधला बाप पिणारा, तर 'अमर अकबर अँथनी' (1977) मधला अँथनी गावठी दारूचा गुत्ता चालविणारा. मात्र पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना तेथील ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपाननिषेध संघाशी जोडल्या गेल्या होत्या, हे कोणी आठवत नाही. आपल्यापैकी तरी कितीजणांना ठाऊक आहे?

आता पाठाकडे वळू. खास्द्यांच्या सैन्याला भिऊन रेखाबी लोक यरुशलेमात आश्रयाला आले होते. म्हणजे ते परक्या गावात होते, पाहुणे होते. यिर्मया त्यांना मंदिरातल्या एका खोलीत नेतो आणि द्राक्षारसाने भरलेली पात्रे व प्याले त्यांच्यापुढे ठेवतो. आग्रह करणारा कोणी दारुडा नाही, साक्षात संदेष्टा आहे! तरी ते नाही म्हणतात. कारण एवढेच, की आमचा पूर्वज योनादाब याने आम्हाला तसे सांगितले आहे. तो योनादाब येहू राजाच्या काळचा (2 राजे 10), म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा.

त्यांनी संदेष्ट्याला उपदेश केला नाही आणि पोटदुखीचे निमित्तही सांगितले नाही. आमच्यापैकी पुष्कळजण येथेच चुकतात. "डॉक्टरांनी मना केले आहे" असे सांगून वेळ मारून नेतात, नाहीतर यजमानालाच प्रवचन देतात.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. या अध्यायात देव सर्व यहूदाला द्राक्षारस सोडण्याची आज्ञा देत नाही. तो रेखाब्यांची निष्ठा वाखाणतो. काना गावचे लग्न (योहान 2) आणि पौलाने तीमथ्याला दिलेला सल्ला (1 तीमथ्य 5:23) आपल्याच शास्त्रात आहेत. न पिण्याने आपण शेजाऱ्याहून पवित्र ठरत नाही. आम्ही रोम 14:21 धरून चालतो : आपल्या पेल्याने भाऊ अडखळत असेल तर पेला नको.

आणि तो भाऊ बाहेरचाच असतो असे नाही. लोकांनी लावलेल्या नावाची लाज आपल्याला इतकी वाटते, की जो खरोखर पितो त्याला आपण लपवितो. एका भगिनीने वर्षभर पतीच्या "पोटाच्या विकारासाठी" प्रार्थना मागितली. मंडळीत बहुतेकांना खरे काय ते माहीत होते. विचारले कोणीच नाही, आम्हीही नाही. "ख्रिस्ती पीत नाहीत" असे आपण ठासून सांगत होतो, तेव्हा तिने कोणत्या तोंडाने सांगावे?

अशा माणसाला शपथ घ्यायला लावून घरी पाठविणे धोक्याचे असते. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर झटके येतात, भ्रम होतो, कधी जीवही जातो. आधी डॉक्टर हवा. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत व्यसन हा आजार मानून उपचार होतात. मंडळीने सोबत जावे, खर्चाला हात लावावा, आणि तो घसरला तर पुन्हा जावे.

प्रभुभोजनाचा प्यालाही त्याला ध्यानात ठेवून भरावा. थॉमस वेल्च या मेथोडिस्ट दंतवैद्याने 1869 साली अमेरिकेत द्राक्षांचा रस तापवून न आंबता टिकविला, तो प्रभुभोजनासाठीच. मनुका उकळून काढलेला रसही चालतो. जेथे अजून बाटलीतली वाइन वापरतात, तेथील पंचांनी पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी पाळकांशी बोलून घ्यावे.