मात्रा, परिणाम आणि वक्राची पारख

सर्पदंशावरील प्रतिविषाची शक्ती उंदरांवर पारखली जाते. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे औषध दीर्घकाळ तयार केले. विषात प्रतिविषाच्या चढत्या मात्रा मिसळून मिश्रण उंदरांच्या गटांना टोचतात, किती जगले ते मोजतात आणि त्या आकड्यांतून वक्र काढून निम्मे उंदीर वाचविणारी मात्रा ठरवितात. वक्र आकड्यांशी कितपत जुळतो, हे मग तपासावे लागते.

ही तपासणी कशी फसविते, ते चेस्टर ब्लिस यांच्या १९३५ मधील आकड्यांत दिसते. पिठातील ४८१ किडे आठ गटांत, पाच तास, कार्बन डायसल्फाइडच्या वाफेत ठेवले होते. लॉजिस्टिक वक्र बसविला तर तफावतीचे माप, म्हणजे काय-वर्ग, १०.० येतो, सहा स्वातंत्र्यांशांसाठी शेकडा पाचच्या पातळीवरील मर्यादा १२.६ आहे. वक्र उत्तीर्ण! पण गटवार पाहावे. सर्वांत कमी मात्रेला साडेतीन मृत्यू अपेक्षित, घडले सहा. चौथ्या गटात चौतीस अपेक्षित, घडले अठ्ठावीस. दोन्ही टोकांना मृत्यू अधिक, मध्यभागी बहुधा कमी. असा क्रम सहसा यदृच्छेने येत नाही; वक्राचा आकारच बेताल असावा. दोन्ही बाजूंना सारखा न वळणारा पूरक लॉग-लॉग वक्र घेतला की काय-वर्ग ३.३ वर उतरतो.

निम्मे किडे मारणारी मात्रा दोन्ही वक्रांवर जवळजवळ तीच राहते: लिटरमागे ५९ आणि ६० मिलिग्रॅम. शंभरांत नव्याण्णव मारणारी मात्रा मात्र ८० वरून ७३ वर येते. आणि दंश झालेल्या रोग्याचे निम्म्या उंदरांच्या मात्रेने भागत नाही.