शेजारची ऋतुजा

आपल्या नेवाशाला लागूनच श्रीरामपूर आहे. तिथे २७ मार्च १९९६ रोजी ऋतुजा भोसले हिचा जन्म झाला. मोठेपणी ती टेनिस खेळून कमावू लागली.

टेनिसात मध्ये जाळी असते. चेंडू रॅकेटीने जाळीपलीकडे मारायचा. दिसायला सोपे, पण त्यावर पोट भरणे कठीण! महिन्याचा पगार नसतो. देशोदेशी स्पर्धा खेळत हिंडायचे. जिंकले तर बक्षीस. लहान स्पर्धेत लवकर हरले, तर जाण्यायेण्याचा खर्चही निघत नाही. आपण बाजारात भाजी नेतो, तसेच हे. माल खपो न खपो, गाडीभाडे द्यावेच लागते.

ऋतुजा अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या विद्यापीठात शिकली, तिथल्या संघातूनही खेळली. खेळापायी तिने शाळा टाकली नाही, हे आम्हा मास्तरांना फार आवडले.

२०२३ साली चीनमध्ये हांगझोऊला आशियाई खेळ झाले. तिथे एक पुरुष आणि एक बाई अशा जोडीचा सामना असतो. तिचा जोडीदार रोहन बोपण्णा, तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा, नावाजलेला. ३० सप्टेंबरला तैवानच्या जोडीशी शेवटची गाठ पडली. पहिला डाव २-६ असा गेला. दुसरा त्यांनी ६-३ असा घेतला. मग निकालाचा छोटा डाव १०-४ ने मारला, आणि दोघांच्या गळ्यात सोन्याचे पदक पडले.