देवळावरून सांगितलेला मंत्र

एकादशीला परिपाठाच्या वेळी गुरुजींनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. ती मी इथे लिहिते.

तामिळनाडू राज्यात शिवगंगा जिल्ह्यात तिरुकोष्टियूर नावाचे गाव आहे. तिथे विष्णूचे जुने देऊळ आहे. देवाचे नाव सौम्यनारायण.

रामानुजाचार्य हे मोठे वैष्णव आचार्य होते. त्यांचा जन्म इ. स. १०१७ साली श्रीपेरुंबुदूरला झाला असे मानतात. ते कावेरी नदीच्या बेटावर श्रीरंगमला राहत.

तिरुकोष्टियूरला नंबी नावाचे गुरू होते. त्यांना आठ अक्षरी नारायण मंत्राचा अर्थ ठाऊक होता. तो शिकायला रामानुज श्रीरंगमहून पायी गेले. आपले वारकरी पंढरीला चालत जातात ना, तसेच. पण गुरू म्हणाले, "पुन्हा ये." असे सतरा वेळा झाले! अठराव्या वेळी गुरूंनी मंत्र दिला. म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. सांगशील तर नरकात जाशील."

रामानुज थेट देवळावर चढले. सगळ्या लोकांना हाका मारल्या आणि तो मंत्र मोठ्याने सांगून टाकला! गुरू रागावले. तेव्हा रामानुज म्हणाले, "मी एकटा नरकात गेलो तरी चालेल, पण एवढे लोक तरतील." गुरूंचा राग पळाला. त्यांनी शिष्याला पोटाशी धरले. अशी आख्यायिका आहे. त्या देवळावर आजही रामानुजांची मूर्ती आहे.

गोष्ट ऐकून मी गप्पच बसले. कारण मामाने मला नवाच्या पाढ्याची युक्ती शिकवली होती. "कुणाला सांगू नको, म्हणजे तुझाच पहिला नंबर," असं तो म्हणाला होता. माझी मैत्रीण रोज "नऊ त्रिक सत्तावीस" म्हणून अडते, रडते. तरी मी सांगितलं नाही. मला तर नरकाची भीतीपण नव्हती!

म्हणून आज इथे सगळ्यांना सांगते. दोन्ही तळहात आपल्याकडे करून बोटे उघडा. नऊ चोक किती? डावीकडून चौथे बोट मिटा. त्याच्या डावीकडे राहिली ३, उजवीकडे ६. उत्तर ३६!

मैत्रिणीला मी कालच शिकवलं. आता ती माझ्यापुढे जाईल. जाऊ दे.

तात्पर्य : चांगली विद्या लपवून ठेवू नये.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी